बालभयकथा आणि यक्ष : जातकट्ठकथेतील दोन कांतारे

लहान मुलांना सांगावयाच्या भयकथेत भूत, पिशाच, यक्ष, राक्षस यांपैकी कोणीतरी असलेच पाहिजे काय? हा प्रश्न केवळ बालवाङ्मयाच्या समीक्षकांचा आहे असे समजून धम्माच्या अभ्यासकाने त्याकडे पाठ फिरविण्याचे कारण नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे व त्यानंतर ठिकठिकाणी ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांच्या घरांतून देवदेवतांचे टाक आणि तसबिरी बाहेर गेल्या. परंतु रात्री मूल झोपेना की त्याला दाखवावयाचा बागुलबुवा मात्र कित्येक घरांत तसाच राहिला. दुसऱ्या बाजूने, विहारांतील बालसंस्कार वर्गांत जातककथा सांगण्याची प्रथा रूढ झाली आणि जातकांत तर यक्ष वारंवार भेटतो. काही उपासक-शिक्षक यक्ष आला की ती कथाच गाळतात. काही ती जशीच्या तशी सांगतात आणि यक्ष खरोखर असतो काय, असे एखाद्या मुलाने विचारताच गोंधळून जातात. या दोन्ही रीतींनी जातकट्ठकथेवर अन्याय होतो, असे आमचे मत आहे. अट्ठकथाकाराने हा प्रश्न शब्दांत विचारलेला नाही हे खरे. तथापि त्याच्या संग्रहातील अगदी पहिल्या दोन कथा शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर उत्तराची दिशा त्यांतच सापडते.

प्रथम ग्रंथाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. पालि जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. त्यांतील गाथा तेवढ्या खुद्दकनिकायात समाविष्ट होतात; ज्या गद्य कथेमुळे जातके लोकप्रिय झाली ती जातकट्ठकथेतील, म्हणजे भाष्यग्रंथातील आहे. फाउसबोल या डॅनिश पंडिताने गद्यासह हा ग्रंथ १८७७ पासून रोमन लिपीत छापून काढला. मराठीत धर्मानंद कोसंबी यांचा ‘जातककथासंग्रह’, चिमणरावाचे जनक म्हणून महाराष्ट्राला अधिक परिचित असलेले पालिपंडित चिं. वि. जोशी यांनी निवडलेल्या जातककथा आणि दुर्गा भागवत यांचे ‘सिद्धार्थ जातक’ हे अनेक खंडांतील भाषांतर यांनी हे धन आपल्या दारी आणले. गाथा कोणती आणि गद्य कोणते हा भेद बालवर्गात सांगण्याची गरज नाही; परंतु शिक्षकाने तो विसरून चालणार नाही. यक्षाचा प्रश्न सोडविताना त्याचा मोठा उपयोग होतो.

पहिली कथा अपण्णक जातक. वाराणसीचे दोन सार्थवाह प्रत्येकी ५०० गाड्या माल भरून एकाच दिशेस निघणार असतात. एवढा मोठा तांडा एकाच वेळी निघाला तर वाट, वैरण, लाकूड, पाणी काहीच पुरणार नाही, म्हणून एकाने आधी जावे असे ठरते. त्यांपैकी मूर्ख सार्थवाह पुढे जाणे पसंत करतो. न मोडलेली वाट, न चरलेले गवत आणि मनास येईल तो भाव आपल्याला मिळेल, असा त्याचा हिशेब. शहाणा मागे राहतो, कारण पुढच्याची चाके वाट सपाट करतील, जून गवत चरले गेल्यावर कोवळे फुटेल, विहिरी खोदल्या जातील आणि भाव ठरविण्याची डोकेदुखीही परस्पर टळेल. वाटेत ६० योजनांचे निर्जल कांतार लागते. तेथे एक यक्ष पांढऱ्या बैलांच्या सुंदर गाडीत बसून समोरून येतो. त्याचे केस व वस्त्रे ओली आहेत, गळ्यात कमळांच्या माळा आहेत, चाकांना चिखल लागला आहे आणि त्याचे सोबती कमळाचे देठ चघळीत चालले आहेत. पुढे हिरवे रान आहे, तेथे सतत पाऊस पडतो, मग हे रांजण कशाला ओढता, असे तो सुचवितो. सार्थवाह सगळे रांजण फोडून टाकतो. पुढे ओंजळभरही पाणी नाही. संध्याकाळी गाड्यांचे रिंगण करून बैल चाकांना बांधतात. बैलांना पाणी नाही, माणसांना पेज नाही. रात्री यक्ष येतात आणि सकाळी तेथे हाडे व मालाने भरलेल्या गाड्या एवढेच उरते.

दीड महिन्याने दुसरा सार्थवाह त्याच वाटेने येतो. कांताराच्या तोंडाशीच तो माणसांना बजावतो की, मला विचारल्याशिवाय पसाभरसुद्धा पाणी सांडू नका आणि अनोळखी पान, फूल, फळ तोंडात घालू नका. यक्ष पुन्हा तसाच येतो. याचे डोळे लाल आहेत, याला भीती कशी ती नाही आणि याची सावली पडत नाही, हे सार्थवाहाच्या ध्यानात येते. येथे वाचकाने क्षणभर थांबावे. सार्थवाहाने ही खूण ओळखली खरी, पण आपल्या माणसांची समजूत घालताना तो तिच्यापासून सुरुवात करीत नाही. तो त्यांना प्रश्न विचारतो. या वाळवंटात तळे किंवा पुष्करिणी असल्याचे तुमच्यापैकी कोणी कधी ऐकले आहे काय? पावसाचा वारा किती अंतरावर लागतो? तो कोणाच्या अंगाला लागला काय? मेघाचा माथा किती दुरून दिसतो? वीज किती योजनांवरून चमकताना दिसते, गडगडाट किती दुरून ऐकू येतो? यांपैकी काही कोणी पाहिले अगर ऐकले काय? प्रत्येक वेळी उत्तर ‘नाही’ असे येते. मग तो सांगतो की, पाऊस नाही आणि हा सांगणारा आपला हितकर्ताही नाही. पाणी शिल्लक राहते, रात्री पहारा बसतो आणि तांडा सुखरूप पैलतीरी जातो.

आता या कथेतून यक्ष काढून पाहा. त्याच्या जागी एखादा भामटा किंवा वाटमाऱ्यांचा हेर ठेवला, तरी पहिल्या तांड्याचे मरण टळत नाही, कारण तो तांडा पाणी फेकून दिल्याने मेला आहे. आणि दुसऱ्या तांड्याचे वाचणेही बदलत नाही, कारण तो मंत्राने वाचलेला नाही. वारा, ढग, वीज आणि गडगडाट यांविषयीच्या चार प्रश्नांनी तो वाचला आहे. गाथेकडे वळले तर आणखी एक गोष्ट दिसते. या जातकाची जी एकच गाथा आहे तिच्यात यक्ष नाही, कांतारही नाही; निश्चित ते कोणते आणि तार्किकांनी नुसते कल्पिलेले ते कोणते हे ओळखून सुज्ञाने निश्चिताचा स्वीकार करावा, एवढाच तिचा आशय आहे. यक्षाची ओली वस्त्रे आणि लाल डोळे गद्यातून आले आहेत.

अट्ठकथाकार येथे आणखी एक वर्गीकरण देतो, त्याकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. कांतारे पाच प्रकारची असतात असे तो सांगतो : चोरांचे, हिंस्र पशूंचे, निर्जल, अमनुष्यांचे आणि अन्नरहित. म्हणजे प्रवाशाच्या भयाची ही प्राचीन मोजदाद झाली. या पाचांत अमनुष्यांचे, म्हणजे यक्षपिशाचांचे, असे एकच कांतार आहे. उरलेली चार चोर, वाघ, तहान आणि भूक यांची आहेत. ज्या काळात यक्षांवर सर्वसामान्यांचा विश्वास होता, त्या काळीही बौद्ध कथाकाराने भयाच्या पाच वाट्यांपैकी चार वाटे या जगातील कारणांना दिले, ही गोष्ट साधी नव्हे.

दुसरी कथा वण्णुपथ जातक. पुन्हा सार्थवाह, पुन्हा ५०० गाड्या, पुन्हा ६० योजनांचे वाळवंट. मात्र यक्ष नाही. वाळू इतकी बारीक की मुठीत धरली तरी निसटते. दिवसा ती निखाऱ्यासारखी तापते, म्हणून तांडा रात्री चालतो आणि दिवसा छपराखाली विसावतो. समुद्रावर जसा सुकाणू धरणारा असतो तसा येथे स्थलनियामक असतो. तो पुढच्या गाडीत आसन टाकून नक्षत्रे पाहत दिशा सांगतो. ५९ योजने संपतात. आज रात्री आपण पलीकडे पोहोचणार या भरवशावर उरलेले लाकूड व पाणी टाकून देऊन तांडा निघतो. कित्येक रात्रींच्या जागरणाने थकलेल्या नियामकाला झोप लागते. बैल केव्हा वळले हे त्याला कळत नाही. पहाटे तो जागा होतो, नक्षत्रांकडे पाहतो आणि गाड्या फिरवा म्हणून ओरडतो. तोवर उजाडते आणि लोकांच्या ध्यानात येते की ही तर कालचीच तळाची जागा आहे. पाणी नाही, लाकूड नाही. माणसे गाड्या सोडतात आणि ज्याच्या त्याच्या गाडीखाली निपचित पडून राहतात.

प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण जातकसंग्रहात याहून अधिक भयंकर पहाट नाही. रात्रभर चालून आपण तिथेच आहोत, हे उजेडात कळणे! कोणी फसविले नाही, कोणी शाप दिला नाही, कोणाचा दुष्ट हेतू नाही. एका दमलेल्या माणसाचा डोळा लागला, एवढेच घडले. यक्षाच्या कथेत लहान मूल यक्षावर रागावू शकते. येथे रागवायचे कोणावर? भय आहे, पण त्याला चेहरा नाही. म्हणूनच ते मुलाच्या मनात अधिक खोल जाते आणि ‘मग काय झाले?’ हा प्रश्न अधिक कळकळीने येतो.

मग असे होते की बोधिसत्त्व असलेला सार्थवाह, आपणच धीर सोडला तर हे सगळे मरतील असे जाणून, सकाळच्या गारव्यात फिरू लागतो. एका जागी त्याला दर्भाचा ठोंब दिसतो. खाली पाणी असल्याखेरीज हा येथे उगवणार नाही, असे अनुमान तो बांधतो. कुदळ आणवून खोदायला लावतो. ६० हात खोल गेल्यावर कुदळ खडकावर आपटते आणि सगळे हताश होतात. तो स्वतः खाली उतरतो, खडकाला कान लावतो. आतून पाण्याचा आवाज येतो. वर येऊन तो आपल्या एका सेवक पोराला सांगतो की, तू हिंमत सोडलीस तर आपण सारे संपलो. हा घण घे, खाली उतर आणि घाव घाल. बाकीचे उभे असतात, पोरगा उतरतो. खडक फुटतो आणि पाणी ताडाच्या झाडाएवढे उसळते. माणसे पितात, स्नाने करतात, जादा जू व आस फोडून सरपण करून भात शिजवितात, बैलांना पाजतात. पाण्याच्या जागी ध्वज उभारून सूर्यास्तानंतर तांडा निघतो. या जातकाच्या गाथेत वाळवंटातील खोदणे आणि न थकणाऱ्यांना लाभलेले पाणी ही गोष्ट प्रत्यक्ष आलेली आहे. पहिल्या कथेतला यक्ष गाथेबाहेर आहे. दुसऱ्या कथेतले खोदणे गाथेत आहे.

पाणी ताडाएवढे उसळले ही अतिशयोक्ती आहे, असे कोणी म्हणेल. असेल. कथेला तेवढी मुभा द्यावयास हरकत नाही.

सुत्तपिटकात या विषयाला अधिक शास्त्रीय आधार आहे तो मज्झिमनिकायातील भयभेरव सुत्ताचा. जाणुस्सोणी ब्राह्मणाशी बोलताना भगवान आपल्या संबोधीपूर्वीच्या काळातील एक प्रयोग सांगतात. प्रयोग हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत. पक्षाच्या अष्टमी, चतुर्दशी व पौर्णिमा-अमावस्या अशा रात्री, ज्या आरामचैत्यांचे, वनचैत्यांचे व वृक्षचैत्यांचे नाव काढताच अंगावर काटा यावा, त्या ठिकाणी ते मुद्दाम जाऊन राहिले. आणि तेथे काय आले? एखादे हरिण आले, मोराने वाळकी काटकी पाडली, वाऱ्याने पालापाचोळा हलविला. एवढेच. भय आले ते या आवाजांबरोबर. मग चालत असताना भय आले तर चालतच, उभे असताना आले तर उभे राहूनच, बसलेले असताना आले तर बसूनच त्यांनी ते ओसरू दिले. जागा किंवा आसन बदलले नाही. भीतीच्या सर्वांत भयंकर जागी बसून तिचे कारण शोधणाऱ्याला हरिण, मोर आणि वारा सापडतात, हे वर्णन अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेत आहे. मुलांना भयकथा सांगणाऱ्याने ते पाठ करून ठेवावे. याच आशयाची सुबोध बालकथा म्हणजे दुद्दुभ जातक. ताडाच्या रोपाखाली निजलेल्या सशाच्या मागे पिकलेले बेलफळ ताडपत्रावर पडते आणि पृथ्वी मोडली म्हणून ससा पळतो. ससे, हरणे, डुकरे, रेडे, हत्ती असा योजनभर लांबीचा कळप मागे लागतो. शेवटी सिंह सशाला पाठीवर घेऊन त्या जागी परत नेतो आणि फळ दाखवितो. ही कथा सर्वांना माहीत आहे, म्हणून विस्तार करीत नाही.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे, आणि ते पोकळ नाही. यक्ष काढून टाकला तर भय नाहीसे होत नाही. उलट ते माणसांवर येऊन बसते. शेजारच्या घरातला माणूस, रात्री रस्त्याने जाणारा वाटसरू यांच्याविषयी मुलाच्या मनात संशय भरण्यापेक्षा यक्ष बरा, कारण कथा संपली की यक्षही संपतो. त्याला कथेबाहेर घर नाही. आमच्या मते यात तथ्य आहे आणि म्हणूनच यक्षाच्या कथा सरसकट जाळून टाकाव्यात, या मताचे आम्ही नाही. परंतु त्या कथांत यक्षाचा पराभव कशाने होतो ते पाहावे. पंचावुध जातकात राजपुत्राचे बाण, तलवार, भाला, गदा ही सारी आयुधे चिकट केसांच्या यक्षाला चिकटून बसतात. हातपाय आणि डोकेही चिकटते. तरी राजपुत्र भीत नाही आणि आपल्या पोटात वज्र आहे, मला खाल्लेस तर तूही वाचणार नाहीस, असे सांगतो. ते वज्र म्हणजे ज्ञानाचे आयुध होय, असा खुलासा अट्ठकथेतच आहे. महाउम्मग्ग जातकात एक यक्षिणी दुसरीचे मूल आपलेच म्हणून उचलते. तिच्या न लवणाऱ्या लाल डोळ्यांवरून बालपंडित महोसध तिला ओळखतो. पण निवाडा देताना ती ओळख तो पुरावा म्हणून वापरीत नाही. जमिनीवर रेघ ओढून मूल मध्ये ठेवतो आणि दोघींना ओढायला सांगतो. मूल रडताच जी सोडून देते ती आई. सगळ्या लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी पटेल असा तो पुरावा आहे. अपण्णक जातकातील सार्थवाहानेही नेमके हेच केले होते. यक्षाची खूण कथाकाराने ठेवली, परंतु निर्णय तिच्यावर टेकवला नाही.

यक्षिणीविषयी आणखी एक नोंद केली पाहिजे. संयुत्तनिकायातील यक्खसंयुत्तात पियंकराच्या आईची छोटी कथा आहे. जेतवनात पहाटे अनुरुद्ध थेर धम्मपदे म्हणत असतात. मुलाला घेऊन हिंडणारी ही यक्षिणी ते ऐकून थबकते आणि आपल्या पोराला गप्प राहण्यास विनविते, आपण हे समजून घेऊन तसे वागलो तर आपले हित होईल असे समजावते. लगतच्या सुत्तात पुनब्बसूची आईही असेच करते. आपल्याकडे माणसाची आई मुलाला गप्प करण्यासाठी राक्षसिणीची भीती घालते. त्रिपिटकात राक्षसीण मानली गेलेली आई मुलाला भीती न घालता गप्प करते! हारीतीची कथाही येथे आठवते. राजगृहाची मुले खाणाऱ्या या यक्षिणीचे सर्वांत धाकटे मूल भगवानांनी भिक्षापात्राखाली लपविले आणि ५०० मुलांतले एक हरवल्यावर तुझी ही दशा, तर ज्यांची एक-दोनच आहेत त्यांचे काय, असे विचारले. ती बदलली. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो की, येथील विहारांत तिची प्रतिमा द्वारमंडपात किंवा भोजनगृहाच्या कोपऱ्यात असे. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात पांचिकासह ती आजही बसलेली आहे आणि तिच्या आसनाच्या दर्शनी पट्टीवर छडी घेतलेले गुरुजी, त्यांच्यापुढील विद्यार्थी आणि खेळात दंग झालेली मुले कोरली आहेत. मुले खाणारीच्या पायाशी शाळा कोरणाऱ्या त्या अनाम शिल्पकाराला मुलांविषयी आणि भयाविषयी पुष्कळ काही कळत असले पाहिजे.

मात्र अलौकिकाला रजा दिली की काम झाले, असेही नाही. युरोपातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. फ्रँकफुर्टचा डॉक्टर हाइन्रिख होफमान याने आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी केलेले ‘स्ट्रुवेलपेटर’ हे चित्रपुस्तक १८४५ मध्ये छापले गेले. काड्यापेटीशी खेळणारी मुलगी जळून राख होते, सूप नाकारणारा मुलगा पाच दिवसांत मरतो, अंगठा चोखणाऱ्याचे दोन्ही अंगठे शिंपी कात्रीने कापतो. भूत कोठेच नाही. तरीही हा बागुलबुवाच आहे, कारण यातील मुलाला विचार करण्यास जागा नाही. ऐकावे किंवा मरावे एवढेच त्याच्या हाती. पुस्तक अफाट खपले, हे खरे. परंतु वण्णुपथातला पोरगा आणि हा अंगठा चोखणारा पोरगा यांत फार मोठे अंतर आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रकाशित झालेल्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात अधम्म कशाला म्हणावे याचे विवेचन केले आहे आणि त्यात पहिले स्थान अलौकिकावरील विश्वासाला दिले आहे. प्रत्येक घटनेला कारण असते आणि ते मानवी कृतीत अथवा निसर्गात असते, हा त्याचा गाभा. बालकथेच्या संदर्भात हे तत्त्व लावताना आम्हांस मात्र बाबासाहेबांच्याच बालपणातील एक रात्र आठवते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आत्मकथनपर लेखनात ती आली आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले.

वर्ष १९०१. वडील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे, दुष्काळग्रस्तांसाठी निघालेल्या तलावाच्या कामावर खजिनदार होते. साताऱ्याहून भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीचे दोन मुलगे असे चौघे त्यांना भेटण्यास निघाले. मसूर स्टेशनवर उतरले तो कोणीच न्यावयास आलेले नव्हते. ही मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरकला. कोणी गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन आणि गाडी मुलांनीच हाकावी, आपण बाजूने चालू, या अटीवर एकजण तयार झाला. संध्याकाळ झाली. बरोबर शिदोरी होती, पण पाणी नव्हते. ओढ्यातले पाणी गुरांच्या शेणमुताने भरलेले. काळोख पडला, रस्ता निर्जन, गोरेगावचा पत्ता नाही. हा गाडीवान आपल्याला आडरानात नेऊन मारणार, अंगावर दागिने आहेत, असा संशय मुलांच्या मनात शिरला आणि ती रडू लागली. मग दूर दिवा दिसला. तो टोलनाक्याचा होता. गाडीवानाच्या सल्ल्यावरून मुसलमान असल्याचे सांगून भीमरावांनी पाणी मागितले. पाणी मिळाले नाही. भरल्या शिदोरीशेजारी चौघे उपाशी राहिले आणि थोरल्या भावाच्या सांगण्यावरून दोघांनी झोपावे, दोघांनी पहारा करावा, अशी ती रात्र टेकडीच्या पायथ्याशी काढली. सकाळी आठला निघून अकराच्या सुमारास ती गोरेगावला पोहोचली.

रात्र, बैलगाडी, तहान, पहारा. कांताराच्या कथेतील सारे काही येथे आहे. भय कोणाचे वाटले आणि कोणाचे वाटायला हवे होते, याचाही विचार करावा. गाडीवान मारील ही भीती निराधार ठरली. त्याने मुलांना सुखरूप पोहोचविले. ज्याचा दिवा पाहून मुलांना हायसे वाटले असेल, त्या दिव्याशी पाणी नाकारले गेले. या घटनेत यक्ष घालावयास जागाच नाही. पाणी वाळवंटात संपले नव्हते, ते माणसांनी अडवून धरले होते. आपल्या पिढ्यांनी अनुभवलेले भय बहुतांशी या जातीचे आहे आणि ते मुलांपासून कायमचे दडवून ठेवणे शक्यही नाही, इष्टही नाही. परंतु ही घटना सहा वर्षांच्या मुलाला सांगावी काय? आमचे उत्तर नाही असे आहे. प्रतिपक्षाचा जो मुद्दा आम्ही मान्य केला तो येथे लागू पडतो : माणसाचे भय कथेबरोबर संपत नाही. म्हणून क्रम असावा. बालवर्गात ससा आणि बेलफळ. थोड्या मोठ्या मुलांना वण्णुपथ, आणि ते समजल्यावरच अपण्णक. त्यातही यक्ष सांगून झाल्यावर वारा, ढग, वीज, गडगडाट यांचे प्रश्न सार्थवाहाच्या तोंडून न सांगता मुलांनाच विचारावेत. आमच्या अनुभवाने मुले त्यांत आणखी प्रश्नांची भर घालतात. चाकाचा चिखल इतक्या उन्हात ओला कसा राहिला, हे एका मुलीने विचारलेले अट्ठकथेत नाही. मसूरची रात्र बारा-तेरा वर्षांच्या पुढे, आणि ती गोष्ट म्हणून न सांगता इतिहास म्हणून सांगावी.

वण्णुपथ सांगताना बहुतेक शिक्षक पाणी उसळले की थांबतात. समोधान, म्हणजे त्या काळचा कोण आताचा कोण हे जुळविणारा शेवटचा भाग, पुनर्जन्माच्या अडचणीमुळे गाळला जातो. आत्म्याचे संक्रमण न मानणाऱ्याने तो कथाकाराची एक योजना म्हणून सांगावा, पण गाळू नये. ही कथा श्रावस्तीस एका भिक्षूला उद्देशून सांगितलेली आहे. तो अरण्यात साधनेसाठी गेला होता, काही साधेना म्हणून प्रयत्न टाकून परत आला होता आणि सहकारी भिक्षूंनी त्याला शास्त्यापुढे आणून उभे केले होते. भगवान त्याला धाक घालत नाहीत, नरकाचे वर्णन करीत नाहीत. ते त्याला वाळवंटाची गोष्ट सांगतात आणि शेवटी म्हणतात की, सार्थवाह मी होतो, आणि ज्याने खाली उतरून खडक फोडला तो सेवक मुलगा हा भिक्षू होता.